कोलासिओन

पुन्ता अरेनासच्या टॉवरची काच बाहेर झुकलेली आहे,
आत बसलं की वाटतं, आपणच वाऱ्यावर ओणवे झालोय.
वारा दोन सहा शून्यवरून, अडतीस नॉट, झोतात बावन्न.
हे मी दिवसातून दोनशेदा म्हणते.
घरी कांदा चिरतानाही तोंडात येतं.
आई विचारते, कोणाशी बोलतेस, दानित्सा?

नियम असा, की मी सांगायचं, त्याने तेच परत म्हणायचं.
नुसतं "कळलं" चालत नाही,
कळलेलं तर सगळ्यांनाच असतं.
आकडा आकड्यानेच परत आला पाहिजे.
बरोबर आला तर मी काही बोलत नाही.
माझं गप्प राहणं म्हणजे, ये.

आमच्या स्पॅनिशमध्ये या परत म्हणण्याला कोलासिओन म्हणतात,
आणि शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत डब्यातलं खातात, त्यालाही.
पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्या एलेउतेरिओने बजावलं होतं:
दिलेलं गिळू देऊ नका. चावून दाखवायला लावा.

एवारिस्तो बार्रिया.
पुएर्तो विल्यम्सहून येणारं ट्विन ऑटर,
कधी टपाल, कधी बाळंतीण,
एकदा दातांचा डॉक्टर आणि त्याची खुर्ची.
हाक पापा किलो. आमच्या भाषेत पापा म्हणजे बटाटा,
म्हणजे रोज सकाळी किलोभर बटाटे मला परवानगी मागतात.
अकरा वर्षं तो माझ्या उजव्या कानात राहतो.
वाक्याची शेपटी वर उचलतो, चिलोए बेटावरची माणसं उचलतात तशी.
मनात मी त्याला उंच केलं होतं. मिशाही दिल्या होत्या.

मागच्या जूनमध्ये, संध्याकाळचे सहा, बाहेर गुडुप काळोख,
सामुद्रधुनीवर बर्फ आडवा पडत होता.
मी हवेचा दाब सांगितला: नऊ सात आठ.
त्याने परत दिला: नऊ आठ सात.
तसाच निवांत, शेपटी वर.
फरक नऊचा. म्हणजे काटा दाखवतो
त्याहून विमान अडीचशे फूट खाली.
"नकार," मी म्हटलं. "नऊ. सात. आठ."
मग खरखर.
तेवढ्यात माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं.
"नऊ सात आठ, पापा किलो."
बस्स. आभारबिभार नाहीत,
मागे अजून दोघं उतरायचे होते.
मी नोंदवहीत वेळ लिहिली, पेनाने.

आणि परवा, शनिवारी,
वादळी दिवसांत माणसांना धरायला रस्त्यावर दोर बांधतात,
एक हात दोरावर, एक टोपीवर, अशी मी बेकरीत शिरले.
पुढे एक बुटका टकला माणूस,
निळ्या कोटाचं एक बटण तपकिरी.
सेन्योरा हेर्त्रूदिसने पाव तोलला.
"दोन हजार तीनशे चाळीस."
"दोन हजार चारशे तीस," तो म्हणाला,
शेपटी वर.

माझा उजवा कान तापला.
हेर्त्रूदिस कागद गुंडाळत होती, तिला काय,
तिचे नव्वद पेसो वाढतच होते.
"नकार," माझ्या तोंडून गेलं, टॉवरच्या आवाजात.
"दोन. तीन. चार. शून्य."

तो वळला नाही.
खांदे आधी ताठ झाले, मग हळूहळू खाली आले.
"दोन तीन चार शून्य," काउंटरकडे बघतच तो म्हणाला,
"पापा किलो."

"बटाटे समोरच्या दुकानात, सेन्योर," हेर्त्रूदिस म्हणाली.
"आम्ही फक्त पाव विकतो."

बाहेर दोर शिट्टी घालत होता.
तो तसाच उभा, सुटे पैसे मुठीत, पाठ माझ्याकडे,
वाट बघत.

मी काही बोलले नाही.